सियासा म्हणजे सियासत

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला नायजेरियात फौज पाठवण्याची धमकी दिली आणि आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा देश अचानक सगळ्यांच्या ओळखीचा झाला. एका बाजूचे लोक ‘तिथे मुसलमान ख्रिश्चनांची कत्तल करताहेत, बघा यांचा स्वभाव’ म्हणत व्हिडिओ फिरवू लागले. दुसऱ्या बाजूला आपलेच काही भाई ‘हा सगळा तेलासाठी रचलेला डाव आहे, तिथे असं काही घडतच नाही’ असं ठासून सांगू लागले. डिसेंबरात नाताळच्या दिवशी अमेरिकेने सोकोटो राज्यात हवाई हल्लेही केले, तेव्हा दोन्हीकडचा आवाज आणखी चढला. या सगळ्या गदारोळात नायजेरियाचा सामान्य माणूस मात्र कुठेच नव्हता. त्याचं म्हणणं काय, त्याचं दुखणं काय, तो मत कुणाला देतो आणि का देतो, हे विचारायची गरज दोन्ही बाजूंना वाटली नाही.

वीस कोटींहून जास्त लोकसंख्येचा हा देश. 36 राज्यं, पाचशेच्या वर भाषा. उत्तरेत हौसा, फुलानी, कानुरी; नैऋत्येला योरुबा; आग्नेयेला इग्बो; आणि मधल्या पट्ट्यात शेकडो लहान जमाती. ढोबळमानाने निम्मे मुसलमान आणि निम्मे ख्रिश्चन. ढोबळमानाने म्हणायचं कारण असं की 1991 आणि 2006 च्या जनगणनेत धर्म आणि जमात विचारलीच नाही. विचारली तर आकड्यांवरून मारामाऱ्या होतील, ही सरकारची भीती. 2006 नंतर तर जनगणनाच झालेली नाही. त्यामुळे ‘आम्ही जास्त की ते जास्त’ हा वाद तिथे कायम चालू असतो आणि मिटत नाही. आपल्याकडे आकडे असूनही लोकसंख्येचा बागुलबुवा उभा करता येतो, तिथे आकड्यांवाचून करतात, एवढाच फरक.

सामान्य नायजेरियन माणूस राजकारणावर बोलतो आणि भरपूर बोलतो. लागोसमध्ये पेपरच्या स्टॉलभोवती सकाळी माणसांचं कोंडाळं जमतं. पेपर फारसं कुणी विकत घेत नाही. उभ्या उभ्या मथळे वाचायचे आणि हमरीतुमरीवर येईपर्यंत वाद घालायचा. या मंडळींना तिथे गमतीने ‘फ्री रीडर्स असोसिएशन’ म्हणतात. उत्तरेत संध्याकाळी झाडाखाली किंवा एखाद्या दुकानाच्या ओट्यावर पुरुष जमतात. त्या बैठकीला हौसा भाषेत ‘मजलिसा’ म्हणतात. गंमत म्हणजे विधिमंडळालाही मजलिसाच म्हणतात. राजकारणाला शब्द आहे ‘सियासा’. जगाला ‘दुनिया’. न्यायाला ‘अदलची’, आपला अद्ल. प्रतिनिधीला ‘वकीली’, कराला ‘हराजी’, म्हणजे खिराज. मराठी मुसलमानाने ही यादी वाचावी आणि थोडं थबकावं, इतकी ती ओळखीची वाटते. या मजलिसांमध्ये 1957 पासून बीबीसीची हौसा सेवा ऐकली जाते आणि बातम्या संपल्या की खरी सियासत सुरू होते. बायका या बैठकांत नसतात. त्यांची बैठक बाजारात, आणि माझ्या मते भावाचं राजकारण त्यांना पुरुषांपेक्षा लवकर कळतं. 1929 मध्ये इंग्रज आता बायकांवरही कर लावणार अशी कुणकुण लागल्यावर आबा आणि आसपासच्या भागातल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पन्नासहून अधिक जणी गोळीबारात गेल्या, पण इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

या सगळ्या गप्पांत पहिला विषय कोणता? धर्म नाही. वीज.

नायजेरियात संध्याकाळी दिवे आले की गल्लीतली पोरं एकसुरात ओरडतात, ‘अप नेपा!’ नेपा हे जुन्या सरकारी वीज कंपनीचं नाव. 2005 मध्ये ते नाव बदललं, 2013 मध्ये वीज वाटप खासगी कंपन्यांकडे गेलं, पण ओरडणं तेच राहिलं. कारण वीज येणं ही अजूनही बातमी आहे. देशाची वीजनिर्मितीची क्षमता कागदावर सुमारे 13 हजार मेगावॅट, प्रत्यक्षात ग्राहकापर्यंत पोचते चार ते पाच हजारांच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राची मागणी उन्हाळ्यात 25 हजार मेगावॅटच्या पुढे जाते, त्यावरून अंदाज करा. 2024 मध्ये तर राष्ट्रीय ग्रिड इतक्या वेळा कोसळलं की लोक त्यावर विनोद करायचेही थकले. मग दुकानदार, शिंपी, न्हावी, सगळे जनरेटरवर. पेट्रोलवर चालणारं एक अगदी छोटं जनरेटर तिथे इतकं लोकप्रिय झालं की लोकांनी त्याला नावच ठेवलं, ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’. सगळी वस्ती अंधारात असताना माझ्या घरी एक पंखा आणि एक टीव्ही चालतो, हे सुख त्या नावात आहे. विहीर स्वतः खोदायची, जनरेटर स्वतः आणायचा, चौकीदार स्वतः ठेवायचा, गल्लीतला रस्ता वर्गणी काढून दुरुस्त करायचा. तिथे नेहमी म्हणतात की प्रत्येक घर हीच एक नगरपालिका आहे.

ज्यांनी मराठवाड्यात, विदर्भात बारा-बारा तासांचं भारनियमन काढलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण आपल्याकडे भारनियमनावरून सरकारं अडचणीत आली, मोर्चे निघाले, वीज मंडळाची कार्यालयं फुटली. नायजेरियात लोकांनी सरकारकडून विजेची अपेक्षाच सोडून दिली. मला वाटतं, राजकारणावरचा विश्वास उडतो तो इथे. एखादा मंत्री चोर निघाला म्हणून तेवढा उडत नाही. घरात बटण दाबल्यावर काहीच होत नाही, आणि अंदाजे रीडिंगचं बिल मात्र वेळेवर येतं, तेव्हा उडतो.

दुसरा विषय पेट्रोल. आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या तेल उत्पादकांपैकी हा एक देश, पण सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षं बंद. कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल विकत आणायचं, असा उफराटा व्यवहार होता. त्या पेट्रोलवर सरकार सबसिडी देत असे. अर्थतज्ज्ञ म्हणायचे ही सबसिडी दलालांच्या खिशात जाते, आणि त्यात तथ्य होतं. पण सामान्य माणसाचं उत्तरही ऐकण्यासारखं होतं. तो म्हणायचा, तुम्ही मला वीज देत नाही, पाणी देत नाही, दवाखाना देत नाही. माझ्या देशाच्या जमिनीतल्या तेलातून मला मिळणारी ही एकच गोष्ट आहे, तीही काढून घेताय? जानेवारी 2012 मध्ये गुडलक जोनाथन यांनी सबसिडी काढली तेव्हा सगळा देश बंद पडला. मुसलमान नमाज पढत असताना ख्रिश्चन तरुणांनी त्यांच्याभोवती कडं केलं आणि चर्चच्या प्रार्थनेच्या वेळी मुसलमानांनी, अशी दृश्यं त्या आंदोलनात दिसली. सरकारला दर बरेच खाली आणावे लागले. त्या वेळी विरोधात असलेले आणि सबसिडी काढण्याला कडाडून विरोध करणारे एक नेते होते बोला टिनुबू.

29 मे 2023 ला याच टिनुबूंनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात सबसिडी संपल्याचं जाहीर केलं. पेट्रोल दोनशे नायरांच्या आतून थेट पाचशेच्या आसपास गेलं आणि 2024 च्या अखेरीस हजाराच्या वर. त्याच सुमारास नायराचा दर बाजारावर सोडला. डॉलरला साधारण 460 नायरा मोजावे लागत, ते पुढच्या वर्षी दीड हजारावर गेले. महागाईचा दर डिसेंबर 2024 मध्ये 34 टक्क्यांच्या पुढे होता. जुलै 2024 मध्ये किमान वेतन 30 हजारांवरून 70 हजार नायरा केलं, पण त्या दिवसांत पन्नास किलो तांदळाचं पोतं त्या पगारात येत नव्हतं. महिनाभर राबायचं आणि एक पोतं तांदूळही नाही.

या पडझडीचा एक धागा थेट आपल्या वाळूजपर्यंत येतो. नायजेरियाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पिवळ्या रिक्षा आणि भाड्याच्या मोटारसायकली यांत बजाजचा वाटा मोठा आहे. नायजेरिया ही बजाजच्या निर्यातीची एक प्रमुख बाजारपेठ. नायरा कोसळला तेव्हा तिथला ग्राहक आटला आणि कंपनीच्या निर्यातीच्या आकड्यांत ते दिसलं. लागोसमध्ये या रिक्षेला ‘केके’ म्हणतात. पण कानो शहरात तिचं नाव वेगळंच आहे, ‘अ दैदैता साहू’. अर्थ काय? सफा सरळ करा. नमाजच्या आधी इमाम जे सांगतो तेच. कानोचे तेव्हाचे गव्हर्नर इब्राहिम शेकराऊ यांनी समाजसुधारणेच्या नावाखाली एक मोहीम काढली होती, तिचं हे नाव. बायकांनी परक्या पुरुषामागे मोटारसायकलवर बसू नये म्हणून त्यांच्यासाठी या रिक्षा आणल्या. पुढे त्यात पुरुषही बसू लागले, मोहीम विसरली गेली, रिक्षा उरली आणि नाव उरलं. शरियतच्या नावाने आलेल्या योजनेचं हे मला सर्वांत उपयोगी फळ वाटतं. आणि ते वाळूजच्या मालावर उभं आहे.

शरियतचा विषय निघालाच आहे तर बोलू. 1999 मध्ये लष्करी राजवट संपली आणि लगेच झाम्फारा राज्याने शरियतवर आधारलेला फौजदारी कायदा जाहीर केला. पाहता पाहता उत्तरेतल्या बारा राज्यांत तो आला. बाहेरच्या जगाला त्यात फक्त हात तोडणं आणि दगडांनी मारणं दिसलं. पण तिथला गरीब मुसलमान त्याच्या मागे का गेला, हे समजून घ्यायला हवं. हौसा समाजात सामान्य रयतेला ‘तलाकावा’ म्हणतात आणि राज्यकर्त्यांना ‘सराकुना’. 1950 मध्ये कानोत स्थापन झालेल्या पक्षातून अमिनू कानो या शिक्षकाने तलाकावांची बाजू आयुष्यभर लढवली. अमीर-उमरावांच्या विरोधात, इंग्रजांच्या विरोधात, मुलींच्या शिक्षणासाठी. 1983 मध्ये ते गेले, त्यांच्या नावाने आज कानोचा विमानतळ आहे. 1999 मध्ये तलाकावांना वाटलं की इंग्रजी कोर्टात आपल्याला न्याय मिळत नाही, पोलीस पैसे खातात, निदान अल्लाहच्या कायद्यात तरी श्रीमंत आणि गरीब सारखे असतील. त्यांना अदलची हवी होती. पदरात काय पडलं? पहिला हात तोडला गेला तो गुरं चोरणाऱ्या एका गरिबाचा. सरकारी तिजोरी लुटणाऱ्या गव्हर्नरांपैकी एकाचाही हात तुटला नाही. हे मी म्हणतो असं नाही, उत्तरेतले लोकच हे उदाहरण देतात. कायदा अजून पुस्तकात आहे, त्या वेळचा उत्साह मात्र कधीच ओसरला. आणि शरियत पहिल्यांदा आणणारं झाम्फारा आज बंदूकधारी टोळ्यांच्या तावडीत सापडलेल्या राज्यांत अगदी वर आहे.

असाच भ्रमनिरास मुहम्मदू बुहारींच्या बाबतीत झाला. उत्तरेतल्या गरिबांनी त्यांना ‘माय गस्किया’ म्हटलं, म्हणजे खरा माणूस. तीनदा ते हरले. 2011 च्या पराभवानंतर उत्तरेत उसळलेल्या हिंसेत आठशेहून अधिक माणसं मेली. 2015 मध्ये ते जिंकले आणि नायजेरियाच्या इतिहासात पहिल्यांदा सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून पडला. जोनाथन यांनी फोन करून पराभव मान्य केला, ही गोष्ट त्या देशात फार मोठी होती. बुहारींच्या पक्षाचं चिन्ह झाडू होतं आणि घोषणा ‘बदल’ची. दिल्लीतही त्याच वर्षी, त्याच चिन्हावर, तशाच लाटेत एक पक्ष आला होता. आठ वर्षांनी माय गस्कियांनी गादी सोडली तेव्हा त्यांच्याच कात्सिना राज्यातली गावं टोळ्यांच्या भीतीने ओस पडत होती. डिसेंबर 2020 मध्ये ते कात्सिनात मुक्कामाला असताना तिथल्याच कांकारा गावातल्या शाळेतून तीनशेहून अधिक मुलं उचलून नेली गेली. जुलै 2025 मध्ये बुहारी वारले, लंडनमध्ये, उपचार चालू असताना. प्रामाणिक होते, असं त्यांच्याबद्दल आजही अनेक जण म्हणतात. पण ज्या देशावर दोनदा राज्य केलं तिथे स्वतःला भरवशाचा वाटेल असा दवाखाना त्यांना उभारता आला नाही, हेही तेच लोक म्हणतात.

आता 2023 च्या निवडणुकीकडे येतो, कारण आपल्यासाठी ती सर्वांत बोलकी आहे. नायजेरियात अलिखित संकेत आहे की राष्ट्राध्यक्ष एका धर्माचा असेल तर उपराष्ट्राध्यक्ष दुसऱ्या. टिनुबू हे योरुबा मुसलमान. त्यांनी उत्तरेची मतं मिळवण्यासाठी बोर्नोचे काशिम शेट्टिमा यांना जोडीला घेतलं, तेही मुसलमान. ‘मुस्लिम-मुस्लिम तिकीट’ म्हणून मोठा गहजब झाला. ख्रिश्चन संघटना संतापल्या, आणि त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. गंमत अशी की टिनुबूंच्या पत्नी चर्चमध्ये पाद्री आहेत. योरुबांमध्ये हे नवल नाही. तिथे एकाच घरात मुसलमान आणि ख्रिश्चन भाऊ नांदतात, बकरीदचं मटण आणि नाताळची मेजवानी दोन्ही सगळे मिळून खातात. 1993 मध्ये अबिओला आणि किंगिबे ही जोडीही मुसलमान-मुसलमान होती, आणि तेव्हा ख्रिश्चनांनीही तिला भरभरून मतं दिली होती. लष्कराने ती निवडणूकच रद्द केली. अबिओला कैदेतच वारले.

पण 2023 चा निकाल पाहा. कानो हे उत्तरेतलं सर्वांत मोठं मुस्लिम शहर. तिथे मुस्लिम-मुस्लिम तिकीट हरलं. कानोने लाल टोपीवाल्या क्वांक्वासोंना मतं दिली. बुहारींच्या कात्सिनात अतिकू अबूबकर पुढे. आणि टिनुबूंच्या स्वतःच्या लागोसमध्ये पीटर ओबी हे इग्बो ख्रिश्चन उमेदवार सुमारे दहा हजार मतांनी पुढे गेले. लागोसचे तरुण, ज्यांत मुसलमानही होते, टिनुबूंच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वर्चस्वाला कंटाळले होते. टिनुबू जिंकले ते विरोधकांची मतं फुटल्यामुळे, 37 टक्क्यांहूनही कमी मतांवर. आणि मतदान किती? नोंदणी झालेल्या 9 कोटी 34 लाख मतदारांपैकी सुमारे 27 टक्के. म्हणजे वीस कोटींच्या देशाचा अध्यक्ष 88 लाख मतांनी ठरला. बाकीचे घरी बसले. त्याच्या काही आठवडे आधी सरकारने नोटा बदलायला काढल्या होत्या आणि माणसं स्वतःच्याच खात्यातले पैसे काढायला बँकांसमोर रात्र काढत होती. आपल्याला 2016 आठवतं, वेगळं काही सांगायला नको.

आफ्रोबॅरोमीटर नावाचा पाहणी उपक्रम नायजेरियातल्या सामान्य लोकांना नियमितपणे प्रश्न विचारतो. 2022 च्या पाहणीत दहांतले सुमारे सात जण म्हणाले, लोकशाहीच हवी. पण दहांतले जवळपास नऊ जण म्हणाले, देश चुकीच्या दिशेने चाललाय. निवडणूक आयोगावर विश्वास ठेवणारे पुरते चारांतले एकही नाहीत. त्यामुळे हे लोक लोकशाहीला विटलेत असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही. त्यांना हवी ती लोकशाही मिळत नाही आणि ते दर चार वर्षांनी नव्याने विचारतात, एवढंच.

मतं विकली जातात, हाही मुद्दा लगेच पुढे येतो. येतोच. 2014 मध्ये एकिटी राज्याच्या निवडणुकीत तांदळाच्या पिशव्या वाटून एक उमेदवार जिंकला आणि ‘पोटाचं इन्फ्रास्ट्रक्चर’ असा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. हरलेले गव्हर्नर शिकलेले, रस्ते बांधणारे होते. योरुबात एक म्हणणं आहे, ‘दिबो को सेबे’: मत दे आणि कालवण शिजव. शहरी शिकलेली माणसं यावर नाक मुरडतात. आपल्याकडेही ‘पाचशे रुपयांत मत विकतात’ म्हणून झोपडपट्टीच्या नावाने बोटं मोडणारे कमी नाहीत. मला त्या बाईचा हिशोब सरळ वाटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत सरकारकडून हाती लागेल अशी एकच वस्तू आहे, ती आजची पिशवी. उद्याची वीज येईल की नाही ठाऊक नाही. तिला नीतीचे धडे देण्यापेक्षा उद्याची वीज आणून दाखवणं सोपं नसेल, पण काम तेच आहे.

मुस्लिम-मुस्लिम सरकारने मुसलमानांना काय दिलं, याचं उत्तर ऑगस्ट 2024 मध्ये मिळालं. भूक आणि महागाईच्या विरोधात दहा दिवसांचं आंदोलन झालं आणि त्याचा सर्वांत मोठा भडका उडाला तो उत्तरेत. कानो, कादुना, कात्सिना. पोरांनी चक्क रशियाचे झेंडे फडकावले, कारण शेजारच्या नायजरमध्ये तेच पाहिलं होतं. अ‍ॅम्नेस्टीच्या म्हणण्यानुसार किमान 24 माणसं मारली गेली. नोव्हेंबरात 76 जणांना देशद्रोहासारख्या आरोपांखाली अबुजाच्या कोर्टात उभं केलं. त्यांत अल्पवयीन मुलं होती. काही जण कोर्टातच अशक्तपणाने कोसळली. ओरड झाल्यावर राष्ट्राध्यक्षांनी खटला मागे घ्यायला लावला. ही मुलं बहुतेक मुसलमान, राष्ट्राध्यक्ष मुसलमान, उपराष्ट्राध्यक्ष मुसलमान.

आता एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडणार नाही, पण लिहायला हवी. उत्तर नायजेरियात मुसलमान बहुसंख्य आहेत, आणि तिथल्या ख्रिश्चनांच्या तक्रारी ऐकल्या की मला आपल्या मोहल्ल्यातल्या तक्रारी ऐकू येतात. चर्चसाठी जागा मिळत नाही. सरकारी नोकरीत डावललं जातं. कानोत बाहेरून आलेल्यांची वेगळी वस्ती आहे, ‘साबोन गारी’, म्हणजे नवं गाव. इग्बो आणि इतर दक्षिणी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तरी परकेच. दंगल झाली की आधी तिथे. नायजेरियात ‘मूळनिवासी’ असल्याचा दाखला लागतो. तो स्थानिक प्रशासन देतं. तुमचा जन्म त्या गावातला असला तरी आजोबा बाहेरून आले असतील तर दाखला नाही, मग शिष्यवृत्ती नाही, नोकरी नाही. जोस शहरात हीच गोष्ट उलट आहे. तिथे हौसा मुसलमान ‘उपरे’ आणि बेरोम ख्रिश्चन ‘मूळचे’. 2001, 2008 आणि 2010 मध्ये तिथे शेकडो माणसं मेली. बातम्यांत ती धर्माची दंगल होती. तिच्या मुळाशी दाखला होता, जमीन होती, स्थानिक निवडणूक होती. भूमिपुत्र, परप्रांतीय, बाहेरचे, घुसखोर, हे शब्द आपल्याला मराठीतच ऐकायला मिळतात, त्यामुळे जास्त समजावत नाही.

मे 2022 मध्ये सोकोटोत एका ख्रिश्चन विद्यार्थिनीला धर्मनिंदेच्या आरोपावरून तिच्याच कॉलेजात जमावाने ठेचून मारलं आणि जाळलं. अतिकू अबूबकर हे राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक. त्यांच्या खात्यावर निषेधाची पोस्ट आली, उत्तरेतून मतं जातील अशा धमक्या आल्या आणि पोस्ट काढली गेली. झुंडबळीनंतर आपले नेते कसे गप्प बसतात हे आपण दहा वर्षं पाहतो आहोत. मग सोकोटोतलं मौन आपल्याला वेगळं का वाटावं? त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लागोसच्या सरकारी शाळांत हिजाब घालण्याचा मुलींचा हक्क मान्य केला. कर्नाटकचा हिजाबचा वाद तेव्हा आपल्याकडे न्यायालयात होता. लागोसच्या निकालाचे फॉरवर्ड मला आठ-दहा आले. सोकोटोचा एकही नाही.

हिंसेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बाकीचे भरपूर लिहितात. बोको हरामने चिबोकमधून 276 मुली पळवल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेक ख्रिश्चन होत्या. त्याच संघटनेने बोर्नोत मशिदींत बॉम्ब फोडले आणि मुसलमान गावंच्या गावं उठवली. बेन्यू आणि प्लॅटोमध्ये फुलानी गुराख्यांच्या टोळ्या ख्रिश्चन शेतकऱ्यांवर हल्ले करतात, हे खरं आहे आणि तिथल्या विधवेला ‘हा फक्त चराऊ कुरणांचा वाद आहे’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. झाम्फारा आणि कात्सिनात तशाच टोळ्या मुसलमान शेतकऱ्यांना पळवतात. खंडणी भरायला गावकरी शेत विकतात, पेरणीची परवानगी मिळावी म्हणून टोळीला ‘कर’ देतात. दोन्हीकडचा माणूस एकच प्रश्न विचारतो: पोलीस कुठे होते? या प्रश्नाचं उत्तर ट्रम्प यांच्या क्षेपणास्त्रांत नाही, आणि ‘सगळा अमेरिकेचा डाव’ म्हणण्यातही नाही.

पोलिसांबद्दल तरुणांचं मत 2020 मध्ये जगाने पाहिलं. दरोडेविरोधी पथकाच्या छळाविरुद्ध मुस्लिम, ख्रिश्चन, सगळी पोरं रस्त्यावर आली. 20 ऑक्टोबरला लागोसच्या लेक्की टोल नाक्यावर सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर योरुबातला एक शब्द देशभर झाला, ‘जापा’, म्हणजे पळ काढ. 2022 मध्ये प्राध्यापकांच्या संपामुळे सरकारी विद्यापीठं आठ महिने बंद होती. डॉक्टर इंग्लंडला, नर्स कॅनडाला, आणि ज्यांना तिकडचा व्हिसा परवडत नाही ते जिथे मिळेल तिथे.

त्यांतले काही आपल्याकडे येतात. मीरा रोड, नालासोपारा, नवी मुंबई, पुणे, गोवा. कुणी शिकायला, कुणी कपड्यांच्या गाठी घेऊन जायला. काही जण अमली पदार्थांच्या धंद्यात सापडतात आणि त्यांच्यामुळे सगळ्यांच्या कपाळावर शिक्का बसतो. ऑक्टोबर 2013 मध्ये गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं. त्यावर आपल्या वस्त्यांत फारशी कुणाला खंत वाटलेली मला आठवत नाही. मुसलमानाला मुंबईत घर देत नाहीत, हे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो आणि ते खरंच आहे. पण जुम्याला आपल्या सफेत खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला कानोचा पोरगा नमाज झाल्यावर भाड्याच्या खोलीबद्दल विचारतो, तेव्हा आपला घरमालक त्याला काय सांगतो, हे एकदा त्या पोरालाच विचारा.